पद्मिनीला लागलेला तांबेरा

दसऱ्याला मोटारीची पूजा करण्याची आमच्या घरची चाल १९८१ सालापासूनची आहे. त्या वर्षी नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पांढऱ्या रंगाची प्रीमिअर पद्मिनी घरी आणली. तिच्यामागून दोनच महिन्यांनी मी जन्माला आले. त्यामुळे आमच्या घरात 'थोरली' म्हणजे मोटार आणि 'धाकटी' म्हणजे मी, असा हिशेब पहिल्यापासून चालत आला. थोरलीला धाप लागली, थोरलीला सर्दी झाली, थोरली आज रुसली, असली भाषा ऐकतच मी वाढले. आता माझी चाळिशी कधीच मागे पडली. मी कॉलेजात मराठी शिकवते, आणि थोरली शिवाजी पार्काजवळच्या आमच्या इमारतीच्या आवारात गुलमोहराखाली उभी असते.

२०२३ सालचा दसरा २४ ऑक्टोबरला आला. सकाळी नाना झेंडूची माळ, हळदकुंकू आणि नारळ घेऊन खाली उतरले, तो थोरलीचे मागचे डावे चाक बसलेले. बसल्या चाकाची पूजा कशी करायची? आमच्या यांनी बाह्या सरसावल्या, डिकीतून जॅक काढला, दाराखालच्या ठरलेल्या जागी लावला आणि दांडा फिरवू लागले. जॅक वर चढू लागला. मोटार मात्र जागची हलली नाही. मग भाजलेला पापड मोडावा तसा आवाज झाला, जॅकचे डोके दाराच्या उंबऱ्यात शिरले आणि फरशीवर तपकिरी पापुद्र्यांचा सडा पडला. नानांच्या हातातले तबक तसेच राहिले. "वरून तर चकचकीत होती," एवढेच ते म्हणाले.

वरून ती चकचकीत होती हे खरेच. चार वर्षांपूर्वीच तिला नवा रंग दिला होता. इंजिनाचे म्हणाल, तर किल्ली फिरवताच ते सुरू होत असे. नानांना त्या इंजिनाचा केवढा अभिमान! शेजारच्यांच्या नव्या गाड्या बंद पडल्या की नाना मुद्दाम खाली जाऊन थोरली सुरू करून पाहत.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आले. हे मूळचे चिपळूणचे, सत्तरी ओलांडलेले, आणि तरुणपणापासून फियाटखेरीज दुसऱ्या गाडीला त्यांनी फारसा हात लावलेला नाही. त्यांनी मागच्या अॅक्सलखाली आपला जॅक लावला, गोणपाट अंथरले आणि टॉर्च व स्क्रूड्रायव्हर घेऊन मोटारीखाली सरकले. आम्ही वर उभे राहून फक्त आवाज ऐकत होतो. आधी टक् टक्, मग मध्येच नुसते फस्स. जिथे टक् तिथे लोखंड होते, जिथे फस्स तिथे ते नव्हते, हे कळायला मला मेकॅनिकल इंजिनिअर व्हावे लागले नाही.

मिस्त्री बाहेर आले, कपडे झटकले आणि म्हणाले, "साहेब, इंजिनाला काही झालेलं नाही. अजून वीस वर्षं ओढील. पण ते बसवायचं कशात?"

हा प्रश्न नीट समजायचा, तर मोटार कशी बांधलेली असते ते थोडे सांगितले पाहिजे. ट्रकला किंवा जुन्या जीपला खाली लोखंडी तुळयांची एक वेगळी चौकट असते. इंजिन, चाके, स्प्रिंगा सगळे त्या चौकटीला जोडलेले, आणि वरचा पत्रा म्हणजे नुसता अंगरखा. तो फाटला तरी ट्रक चालतो. फियाटची रचना तशी नाही. तिला वेगळी चौकटच नाही. एक मिलिमीटरपेक्षाही पातळ पत्रा दाबून, वाकवून, एकमेकाला जोडून तळ, उंबरे, खांब आणि छप्पर यांची एक बंद पेटी केलेली असते आणि ही पेटीच सारा भार वाहते. आगपेटी रिकामी असली तरी सहज चुरगळत नाही, कारण तिच्या सगळ्या बाजू एकमेकींना धरून असतात. एक बाजू भिजू द्या, मग पाहा. दाराखालचा उंबरा ही या पेटीतली सर्वांत कामाची तुळई, आणि ती आतून पोकळ असते. आमच्याकडे गेला होता तो उंबराच.

या गाडीचा जन्म आपल्या मुंबईतलाच. १९४४ साली वालचंद हिराचंद यांनी प्रीमिअर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. कुर्ल्याच्या त्यांच्या कारखान्यातून इटालियन फियाटच्या गाड्या बाहेर पडू लागल्या. पहिल्या बुटक्या नाकाच्या फियाटला मुंबईकरांनी 'डुक्कर फियाट' म्हणून टाकले, आणि ते नाव ज्याने ठेवले त्याची नजर मानली पाहिजे. १९६४ साली आली ती 'अकराशे डिलाइट'. तीच पुढे सत्तरीच्या दशकात आधी 'प्रेसिडेंट' आणि मग चितोडच्या राणीच्या नावाने 'पद्मिनी' झाली. अंगकाठी तीच राहिली, १,०८९ घनसेंटिमीटरचे चार नळ्यांचे इंजिनही तेच, आणि स्टिअरिंगच्या दांड्यावरचा तो गिअरही तोच. या शतकाच्या आरंभी तिचे उत्पादन थांबले. आमचे जुने ग्रंथ नायिकांचे चार प्रकार सांगतात, पद्मिनी, चित्रिणी, शंखिनी आणि हस्तिनी. हॉर्नच्या बाबतीत आमची थोरली शंखिनी होती ही गोष्ट वेगळी, पण नावातली खरी गंमत मला मिस्त्रींमुळे कळली. कमळाच्या पानावर पाणी ठरत नाही. या पद्मिनीच्या अंगात मात्र ते चाळीस वर्षे मुरत आले होते.

आणि आम्हाला त्याचा पत्ता नव्हता असे तरी कसे म्हणू? पुरावा घरात होता. नानांनी गाडी घेतल्या दिवसापासून एक वही ठेवली आहे. लांबट, लाल पुठ्ठ्याची. किती मैल झाले, किती पेट्रोल घातले, काय बिघडले, किती रुपये गेले, सगळे तारीखवार. मिस्त्री गेल्यावर त्या रात्री मी ती वही पहिल्या पानापासून वाचायला घेतली. आयुष्यभर मुलांना सांगत आले की, संहिता वाचताना काय पुन्हापुन्हा येते ते पाहा. तसे पाहू लागले. 'रेडिएटर सफाई', 'कार्ब्युरेटरमध्ये कचरा', 'पुढचे उजवे ब्रेक जाम', 'दिवे मंद', 'सायलेन्सर बदलला'. हेच पाच शब्दप्रयोग फिरून फिरून येत होते. मग तारखा पाहिल्या. यांतल्या बहुतेक नोंदी जून ते ऑक्टोबर या महिन्यांतल्या होत्या.

पावसाळा! आम्ही पाच रोगांवर पाच औषधे देत आलो होतो, आणि रोग होता एकच.

रेडिएटरचेच घ्या. खंडाळ्याचा घाट चढताना फियाट तापली नाही असे कुटुंब मुंबईत विरळा. बॉनेट उघडून उभी असलेली मोटार, शेजारी पाण्याची बाटली घेतलेले वडील, आणि कठड्यावर बसून दशम्या खाणारी मुले, हे चित्र आमच्या पिढीच्या मनावर कोरलेले आहे. (तापलेल्या रेडिएटरचे झाकण लगेच उघडायचे नसते, आत दाबाखाली कोंडलेले पाणी अंगावर उसळते, हा धडाही आम्ही तिथेच घेतला. आमच्या मामांनी तो हातावर घेतला.) या तापण्याचा दोष आम्ही घाटाला देत असू. पण फियाटच्या इंजिनाचा ठोकळा बिडाचा आणि वरचे डोके अॅल्युमिनियमचे असते. दोन वेगळे धातू आणि मध्ये साधे नळाचे नाहीतर विहिरीचे पाणी, म्हणजे बॅटरीच झाली की! अॅल्युमिनियम झिजते, बीड गंजते, आणि त्या गंजाचा गाळ रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसतो. पाणी फिरत नाही, डोके तापते, मधले गॅस्केट जळते. मग कोणीतरी सांगतो की, थर्मोस्टॅट काढून टाका. आम्हीही काढला. ताप थोडा उतरला, पण गाळ होता तिथेच राहिला. गंजरोधक द्रव पाण्यात मिसळून ते दर दोनेक वर्षांनी बदलणे, एवढा साधा उपाय १९८१ पासून आम्हाला कोणी सांगितला नाही, आणि आम्हीही कोणाला विचारला नाही.

पेट्रोलची कथा याहून मजेची. एप्रिल-मे महिन्यांत फियाट रस्त्यात बंद पडली, तर पेट्रोलच्या पंपावर ओले फडके ठेवायचे, हे टॅक्सीवाल्यांनी साऱ्या मुंबईला शिकवले. उन्हाने पंपातल्या पेट्रोलची वाफ होते आणि पंप वाफ ओढू शकत नाही. फडक्याने तो निवला की गाडी सुरू. निदान अगदी बरोबर, पण उन्हाळ्यापुरते. वहीत मात्र ऑगस्टमध्ये, भर पावसात, 'फडके ठेवले, उपयोग नाही' अशा नोंदी सापडल्या. ऑगस्टात वाफ कुठून होणार? अर्धी रिकामी टाकी रात्री गार होते, आतल्या दमट हवेतले पाणी टाकीच्या पत्र्यावर धरते, पेट्रोलहून जड म्हणून तळाशी बसते आणि टाकी आतून गंजते. तोच गंज नळीतून कार्ब्युरेटरच्या सुईएवढ्या भोकात. गाडी चाळीस मैल छान चालते, मग आचके देते, थोडी थांबवली की गाळ खाली बसून पुन्हा चालू लागते. थोरली 'रुसते' असे आम्ही ज्याला म्हणत होतो, ते हे रुसणे.

ब्रेकचे तेल हवेतली ओल शोषून घेते. पद्मिनीला चारही चाकांना ड्रमचे ब्रेक. ड्रमच्या आत ब्रेकचा छोटा सिलिंडर असतो. त्याच्या भिंतीवर गंजाचे ठिपके आले की दट्ट्या अडकू लागतो. एका चाकाचा ब्रेक लागतो, दुसऱ्याचा उशिरा लागतो आणि गाडी एका बाजूला ओढते. ही गोष्ट मात्र रुसण्याफुगण्यावारी नेण्यासारखी नाही. ब्रेकचे तेल दोन वर्षांनी बदलावे. दिव्यांचे तर याहून सोपे. बॅटरीकडून दिव्यापर्यंत तार जाते, पण विजेची परतीची वाट म्हणजे मोटारीचा पत्राच. जिथे ती तार पत्र्याला बोल्टने जोडली आहे तिथे गंज चढला, की वीज अडखळते. बाजूचा दिवा लावावा, तर पुढचा मंद होतो. आम्ही तीन डायनामो दुरुस्त करून घेतले. हवे होते ते दोन आण्यांच्या काचकागदाने बोल्टखालची जागा घासणे.

सायलेन्सरने मला सर्वांत जास्त चकित केले. एक लिटर पेट्रोल जळले की त्यातून जवळजवळ एक लिटर पाणी तयार होते! लांबच्या प्रवासात ते वाफ होऊन निघून जाते. पण नाना निवृत्त झाल्यापासून थोरली दादरच्या भाजीबाजारापलीकडे सहसा जात नव्हती. एवढ्या अंतरात सायलेन्सर तापतच नाही, पाणी आतच राहते आणि नळकांडे आतून सडते. गाडीला आराम द्यावा म्हणून नाना तिला जपून, थोडीथोडी चालवत होते.

गिअरच्या दांड्याचे सांधे झिजून तो मध्येच अडकणे, पहिला गिअर कुरकुरणे, स्टिअरिंग ढिले होणे, पॉइंट काळे पडणे, ही झीज झाली. ग्रीस, नवे बुश आणि तासाभराचे काम यांनी ती भरून निघते. असल्या दुखण्यांनी कोणती फियाट मेल्याचे मिस्त्रींना आठवत नाही. पूर्वी तर प्रत्येक नाक्यावर हे सामान मिळे, कारण शहरभर हजारो काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी धावत होत्या. आमच्या त्या दसऱ्यानंतर बरोबर सहा दिवसांनी, ३० ऑक्टोबर २०२३ ला, त्यांचा काळ संपला. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आर. टी. ओ.त नोंदली गेली होती, आणि टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा. वर्तमानपत्रातली ती बातमी नानांनी दोनदा वाचली आणि कापून वहीत ठेवली.

इंजिन बिघडले की बोलते. खोकते, धूर सोडते, चारचौघांत थांबून लाज काढते. गंज बोलत नाही. लोखंडाला पाणी आणि हवा मिळाली की तो सुरू होतो. त्यात मीठ पडले की वेग वाढतो, कारण खारे पाणी वीज चांगली वाहून नेते आणि गंजणे हा मुळात विजेचाच खेळ आहे. आम्ही तर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. गंज हा मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो, म्हणून रंगाखाली फोड येतात. शिवाय तो सच्छिद्र असतो, ओल धरून ठेवतो आणि पुढच्या गंजाची सोय करतो. चांदीवर चढतो त्या काळ्या थराप्रमाणे तो वरचा थर होऊन थांबत नाही. गव्हावरच्या रोगाला आणि लोखंडावरच्या गंजाला मराठीत एकच 'तांबेरा' हा शब्द आहे. ज्याने तो प्रथम वापरला त्याने दोन्ही जवळून पाहिले असले पाहिजेत.

मिस्त्रींनी मला गाडीभोवती फिरवून तो कुठे कुठे राहतो ते दाखवले. पुढची काच बसवलेले रबर कडक होऊन तडकते, तिथून पाणी उतरते ते थेट पायपुसण्यांखालच्या नमद्यात. रबरी पायपुसणी वरून कोरडी ठणठणीत आणि खाली नमदा चार महिने ओला. दाराच्या तळाला पाणी जाण्यासाठी भोके ठेवलेली असतात. आमच्या गुलमोहराच्या बारीक पानांनी ती सगळी बुजली होती, आणि पावसात दारे बादल्यांसारखी भरत होती. चाकांच्या कमानीत आतल्या कडेवर चिखल साचतो, बॅटरीखालचा पत्रा आम्लाने जातो, डिकीत जादा चाकाखाली हळूच डबके होते. पण मिस्त्री जिथे सर्वांत जास्त वेळ पालथे पडून राहिले ती जागा वेगळीच होती. मागच्या पाट्याच्या स्प्रिंगांची टोके जिथे गाडीला अडकवलेली असतात, तिथली. ती कुजली तर स्प्रिंग एक दिवस डिकीत वर येते, आणि ती कोणत्या वेगात येईल ते सांगता येत नाही.

मग त्यांनी उंबऱ्याचे भोक पक्कडीने मोठे केले आणि आत बोटे घालून एक ओला लगदा ओढून काढला. वर्तमानपत्र! कोण्या एका जुन्या रंगकाम करणाराने कुजलेला पत्रा कापून नवा जोडायच्या ऐवजी आत कागद कोंबला होता, वरून लांबी भरून गुळगुळीत केली होती आणि रंग मारून बिल दिले होते. लगद्यातला एक तुकडा वाचता आला. त्यावर 'वधू पाहिजे' अशी जाहिरात होती. गोरी, गृहकृत्यदक्ष वगैरे. त्या गृहस्थांना कशी मिळाली कोण जाणे, आम्हाला मात्र ही अशी वरून गोरी मिळाली होती. वहीत त्या कामाची नोंद आहे, ती अशी : 'बॉडीकाम उत्तम. समाधान.'

तेव्हा जुनी मोटार घेणाऱ्यांना किंवा घरातली ठेवू पाहणाऱ्यांना माझे सांगणे एवढेच, की बॉनेट शेवटी उघडा. आधी फ्रिजवरचे एखादे लोहचुंबक काढून रुमालात गुंडाळून खिशात टाका आणि चाकांच्या कमानी, दारांच्या कडा, उंबरे यांवरून फिरवा. पत्रा असेल तिथे ते चिकटेल, लांबी असेल तिथे घसरेल. पायपुसणी उचला, नमदा दाबून पाहा. मग दार अर्धे उघडून हलके सोडा. ते खाली झुकत असेल आणि लावताना उचलावे लागत असेल, तर बिजागरीला दोष देण्याआधी उंबऱ्याचा विचार करा. आमचे डावे दार गेली सहा वर्षे उचलून लावावे लागत होते. घरातल्या प्रत्येकाला त्याची सवय झाली होती.

आता करायचे काय? पुण्याच्या भावाने फोनवर एका वाक्यात निकाल दिला : "नाना, भंगारात द्या." मला वाटत होते ते मी बोलले नाही. माझा मुलगा त्या गाडीत मागे बसून शाळेत जात असे. ज्या तळावर त्याचे पाय होते त्यातून स्क्रूड्रायव्हर आरपार गेलेला मी पाहिला होता. मी मिस्त्रींना बाजूला घेऊन म्हटले, "खरं सांगा. नानांसाठी म्हणून सांगू नका."

"ताई," ते म्हणाले, "छपराचे खांब आणि मागच्या स्प्रिंगांच्या जागा शाबूत असतील तर हात लावीन. नसतील तर साहेबांना मी स्वतः सांगेन." दोन दिवस त्यांनी काळा डांबरासारखा लेप खरवडला. हा लेप गंजापासून रक्षण व्हावे म्हणून आम्हीच कधीतरी मारून घेतला होता, आणि गंजावरच मारल्यामुळे ओल त्याखाली कोंडून राहिली होती. खांब शाबूत निघाले. स्प्रिंगांच्या जागांपैकी एक जाड पत्र्याने बळकट करावी लागणार होती. प्रत्येक जुनी गाडी वाचवावी असे माझे मुळीच मत नाही. त्या दोन जागा गेल्या असत्या तर मी भावाच्या बाजूने उभी राहिले असते आणि नानांचा राग पत्करला असता.

काम अडीच महिने चालले. आधी बॅटरी सोडली आणि पेट्रोलची टाकी उतरवून दूर नेली. रिकामी टाकी भरलेलीपेक्षा अधिक धोक्याची, कारण तिच्यात वाफ असते. मग दारांच्या चौकटींत लोखंडी आडवे दांडे तात्पुरते जोडले. हे न करता उंबरा कापला, तर गाडी मधोमध खचते आणि पुन्हा कधीच सरळ होत नाही. कापायचे ते निरोगी लोखंड लागेपर्यंत. तिथे कसर केली की नव्या जोडाभोवती जुना रोग पसरतो. तयार उंबरे आता मिळत नाहीत, म्हणून कुर्ल्याच्या भंगारबाजारातून मिस्त्रींनी हव्या त्या जाडीचा पत्रा आणला आणि जुन्याच्या मापाने वाकवून घेतला. ज्या कुर्ल्यात ती जन्मली तिथलाच पत्रा चाळीस वर्षांनी तिला पुन्हा लागला. प्रत्येक टाक्यानंतर मिस्त्री दार उघडत आणि लावून पाहत. शेवटी गंजरोधक प्रायमर, रंग, आणि पोकळ भागांत बारीक नळीने फवारलेले पातळ मेण. पूर्वी यासाठी इंजिनाचे जळके तेल वापरीत. ते स्वस्त खरे, पण धूळ धरते आणि गाडीला महिनाभर गॅरेजचा वास येतो. खर्च माझ्या दोन पगारांएवढा आला. नानांना मी निम्माच आकडा सांगितला, आणि त्यांनी तो वहीत लिहिला.

आता थोरलीला प्लॅस्टिकचे आच्छादन घालत नाही. पावसाळ्यात त्याखाली कोंदट वाफ धरते, त्यापेक्षा उघडी बरी. दर रविवारी हे तिला ठाण्यापर्यंत नेऊन आणतात, म्हणजे तेल आणि सायलेन्सर दोन्ही नीट तापतात. गुलमोहराची पाने आमचे चिरंजीव दारांच्या भोकांतून तारेने काढतात, एका दाराला पाच रुपये या दराने. एक नवी काळजी मात्र आली आहे. २०२५ साली देशभर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आले. इथेनॉल पाण्याचे मित्र. ते ओल ओढून घेते, आणि जुन्या पंपाचा पडदा व रबरी नळ्या त्याने फुगतात, चिरतात. आम्ही नळ्या आणि पडदा इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घातले, टाकी आतून साफ करून घेतली आणि ती भरलेली ठेवतो. चिरलेल्या नळीतून पेट्रोल तापल्या इंजिनावर ठिबकणे म्हणजे काय, ते सांगायला नको.

पंधरा वर्षांनंतर खासगी मोटारीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते. थोरलीची पाळी २०२६ मध्ये येते. शिवाय २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षे पुरी झालेल्या, मूळ रूपात राखलेल्या मोटारींची वेगळी 'व्हिंटेज' नोंदणी होऊ शकते. तिची पन्नाशी २०३१ साली. नानांनी मनाशी हिशेब केला आणि म्हणाले, "तेव्हा मी नव्वदीचा." पुढे कोणीच काही बोलले नाही.

गाडी गॅरेजमधून घ्यायला आम्ही गेलो तेव्हा मिस्त्रींनी इंजिन सुरू करून दाखवले नाही. त्यांनी डावे दार उघडले आणि बाजूला सरकून म्हणाले, "साहेब, लावा." नानांनी सवयीने दुसरा हात खाली घातला, दार उचलायला. "तसं नाही," मिस्त्री म्हणाले, "नुसतं लोटा." नानांनी एका बोटाने लोटले. खट्. मग त्यांनी ते उघडून पुन्हा लावले, पुन्हा उघडले. चार वेळा.

परवा मी वही चाळत होते. नानांचे अक्षर आता थोडे कापते. २०२५ च्या पावसाळ्यातली शेवटची नोंद अशी आहे : 'पायपुसणी उचलून पाहिली. उजवीकडे कोरडे. डाव्या कोपऱ्यात किंचित ओल. काचेचे रबर बघणे. मिस्त्रींना फोन केला.'